पोच मिळाली, निरोप नाही

चिरंजीव दिगंबर, असे लिहून मी तुला पंचवीस वर्षे पत्रे लिहिली. आज लेखणी त्या पहिल्या शब्दापाशी अडली आणि पुढे जाईना. म्हणून नुसते दिगंबरा.

तुझ्या कंपनीने तू गेल्यावर आठवड्याने तुझी शोकसभा घेतली आणि वीस मिनिटांत आटोपली. चिकलठाण्याच्या त्या काचेच्या इमारतीत, तुमच्या रोजच्या बैठका होतात त्याच खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर तुझे छायाचित्र लावले होते. त्याच्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह होते. ते काढावे असे कोणाला सुचले नव्हते. करमाडहून तुझे बापू आले होते. त्यांना मी माझ्या शेजारी बसवून घेतले. तुझे साहेब उठले आणि म्हणाले, "दिगंबर फार प्रामाणिक माणूस. एकच होतं, तो फार खोलात जायचा. आम्ही म्हणायचो, अरे फ्रेमवर्क आहे ना, ते सांभाळतं सगळं, तू कशाला डोकं लावतोस?" यावर चार-पाच जण हसले. शोकसभेत हसले. मग सामोसे आले, आणि सामोसे आल्यावर मंडळींच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा आला तो मी तुला वर्णन करून सांगणार नाही. तू त्यांच्यात चौदा वर्षे बसलास. तुला तो ठाऊक आहे.

परतताना रिक्षात बापूंनी विचारले, "गुरुजी, खोलात जायचा म्हंजी नेमकं काय करायचा वो माझा लेक? वंगाळ करायचा का काही?"

जालना रस्त्यावरच्या गोंगाटात या प्रश्नाचे उत्तर देणे मला जमले नाही. "नाही बापू, चांगलेच करायचा," एवढेच बोललो आणि स्वतःची लाज वाटली. बापूंना पुरे उत्तर कोणीतरी द्यायला हवे होते. ते मी इथे लिहितो आहे. तुला उद्देशून लिहितो, कारण मी कुठे चुकलो तर मला थांबवून सुधारणारा तूच होतास.

आरंभ माझ्यापासून करणे उचित. तुझ्या व्यवसायाविषयी मला तुच्छता होती आणि ती मी तुझ्यापासून कधी लपवली नाही. तू आठवीत माझ्या संस्कृतच्या वर्गात आलास तेव्हा इतर मुले शब्दरूपे पाठ करीत आणि सुटत, तू पाठ करूनही बाकावर उभा राहत असस आणि म्हणत असस, "पण गुरुजी, हे असंच का?" चाळीस वर्षांच्या अध्यापनात असा प्रश्न मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा ऐकू आला. पुढे तू अभियांत्रिकीला गेलास तेव्हा मला एक चांगली बुद्धी बाजारात विकली गेल्याचे दुःख झाले. तरी तू दर रविवारी सकाळी औरंगपुऱ्यातल्या माझ्या घरी तर्कशास्त्राच्या पाठाला येत राहिलास. हंगामात येताना शेतातली मोसंबी आणायचास. आणि मी, तुझी मोसंबी खाऊन, तुला विचारायचो, "काय रे, यंत्राची चाकरी कशी चालली आहे?"

एका रविवारी तू त्या प्रश्नाचे गंभीरपणे उत्तर दिलेस. तू सांगितलेस की रुग्णालयात अनेक संगणक असतात, निरनिराळ्या लोकांनी घडवलेले, एकमेकांची भाषा न समजणारे. प्रयोगशाळेच्या यंत्राने रक्तातला आकडा काढला की तो वॉर्डातल्या डॉक्टरांच्या पडद्यावर दिसला पाहिजे. हा निरोप पोचवणे म्हणजे तुमचे काम. आणि निरोप्या तुम्ही स्वतः घडवत नाही. इंटिग्रेशन फ्रेमवर्क नावाचा एक सांगाडा जगात कोणालाही फुकट मिळतो. त्यात पाच ओळी लिहायच्या: इथून घे, असा बदल, तिथे दे.

"म्हणजे तुम्ही पाच ओळींचे कारकून," मी म्हणालो.

"व्हय गुरुजी," तू हसलास. "पण त्या पाच ओळी म्हंजे नुसता संकल्प हाय. कर्म दुसरंच कुणीतरी करतंय. ते कोण करतंय अन् कसं करतंय, हे आमच्यात कुणालाच ठावं नाय. अन् कुणाला ठावं नाय याचं कुणाला काही वाटत बी नाय."

त्या वाक्याने मी ताठ बसलो. कारण ही स्थिती माझ्या ओळखीची होती. मी असे पुरोहित पाहिले आहेत ज्यांना यज्ञातला एकेक मंत्र मुखोद्गत आहे आणि त्यातले एक पदही कळत नाही, विचारले तर म्हणतात, "चालत आलंय, शास्त्रीबुवा." त्यांच्याविषयी मला जी तुच्छता आहे तीच तुझ्या स्वरात मी त्या दिवशी ऐकली. तू त्या सांगाड्याचे अंतरंग वाचायला घेतले होतेस, हजारो ओळींचे, कोणी न सांगता. दर रविवारी तर्काचा पाठ झाला की तू तुझ्या जाड वहीतून मला एक प्रकरण सांगू लागलास.

तू सांगितलेस ते मला असे समजले. बापूंनाही मी ते असेच सांगितले. यजमान हातावरून उदक सोडून संकल्प करतो, पण यज्ञ यजमान करत नाही. संकल्प ऐकून आधी ऋत्विजांचे, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांचे, वरण होते, एकेकाला त्याच्या कर्मावर नेमले जाते. तुमचा सांगाडा सुरू होताना हेच करतो. एकही निरोप आलेला नसतो, तेव्हाच तो तुमच्या पाच ओळी वाचून प्रत्येक पायरीसाठी एकेक कर्ता नेमतो आणि त्यांची साखळी बांधतो. निरोप येतो तेव्हा ओळी कोणी पुन्हा वाचत नाही; निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आणि प्रत्येक कर्त्याच्या मागे सांगाडा आणखी एक जण बसवतो, ज्याचा उल्लेख तुमच्या पाच ओळींत कुठेच नसतो.

"यज्ञात ब्रह्मा बसतो ना गुरुजी, दक्षिणेकडं, गप्प? तसा," तू म्हणालास.

खरे आहे. ब्रह्मा या ऋत्विजाचे काम म्हणजे काही न करता सर्व पाहणे. कर्मात खंड पडला तर तोच प्रायश्चित्त करवतो. बहुतेक यजमान त्याला डुलक्या घेणारा म्हातारा समजतात आणि दक्षिणा देताना कुरकुरतात. तुमच्या सांगाड्यातला ब्रह्मा निरोप हातातून निसटला तर पुन्हा पाठवतो, पुन्हा निसटला तर पुन्हा, आणि काही केल्या जात नसेल तर तो निरोप वेगळा काढून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणीतरी पाहील. "फ्रेमवर्क सांभाळतं" असे तुझे साहेब म्हणतात ते या ब्रह्म्याच्या जिवावर. त्याचे नावही त्यांना ठाऊक नाही.

हे सर्व मला आवडू लागले होते. तरी मी तुला तसे बोललो नाही. मी म्हणत असे, "बरे आहे, पण हा वेळ तू न्यायग्रंथाला दिला असतास तर."

मग वंदनाताईंचे प्रकरण आले.

वंदनाताई ही तुम्ही काम करत होता त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, बजाजनगरात राहणारी, पंधरा वर्षे रक्त तपासणारी. एका दुपारी एका वृद्ध रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पलीकडे गेलेले तिला दिसले. तिने तो अहवाल पाठवला. तिच्या पडद्यावर पोचल्याची हिरवी खूण आली आणि ती पुढच्या नळीकडे वळली. अहवाल वॉर्डात दिसलाच नाही. सायंकाळी रुग्णाचे हृदय डळमळले, धावपळ झाली, तो वाचला. पण वाचला तो नशिबाने. चौकशी लागली. तुमच्या कंपनीने रुग्णालयाला लेखी कळवले की आमच्या नोंदीत असा अहवाल आलेलाच नाही, म्हणजे प्रयोगशाळेने तो पाठवलेलाच नाही. वंदनाताईला घरी बसवण्यात आले. हिरवी खूण पाहिल्याचे ती सांगत राहिली. ती खूण पडद्यावर क्षणभर येते आणि जाते. तिची साक्ष कोण देणार?

तुला ते पत्र वाचून झोप लागली नाही, असे तू म्हणालास. कंपनीचे म्हणणे तर्काच्या दृष्टीने सदोष होते. "नोंद नाही, म्हणून घटना नाही" हे अनुमान तेव्हाच टिकते जेव्हा प्रत्येक घटनेची नोंद होतेच हे आधी सिद्ध असेल. तसे सिद्ध कोणी केले होते? हा दोष ओळखायला मीच तुला शिकवले होते. तू तो तुझ्याच साहेबांच्या पत्रात शोधलास आणि मला अभिमान वाटला. तोही मी बोलून दाखवला नाही.

तू बजाजनगरात वंदनाताईच्या घरी गेलास. तिला वाटले, कंपनीचा माणूस सही घ्यायला आला. पुढे तिनेच मला सांगितले, "मी दारातच म्हणलं, दादा, मी काही लिहून देणार नाय. तर हे म्हणले, ताई, मला फक्त सांगा, खूण यायला किती वेळ लागला? एक सेकंद का दोन? मला वाटलं, हा माणूस येडा हाय."

तू वेडा नव्हतास. एका सेकंदात पोच येते आणि वॉर्डापर्यंतचा सगळा प्रवास मात्र कधीकधी मिनिटभर चालतो, हे तुला ठाऊक होते. मग पोच कोण देत होते? तू तीन आठवडे सांगाड्याच्या पोटात शिरून बसलास. तुझ्या शेजारच्या मेजावरची आयेशा तुला थट्टेने पंडितजी म्हणायची. तिचे वाक्य तू मला तिच्याच चालीत ऐकवलेस: "पंडितजी, चल रहा ना? फिर ढक्कन कायको खोलते?" ती निदान प्रेमाने म्हणत होती. बाकीचे तू जेवायला उठलास की तुझ्या पडद्याकडे पाहून डोळे मिचकावत. ज्या वस्तूवर पोट चालते तिचे झाकण उघडून पाहणारा माणूस त्यांना विनोदी वाटत होता. असल्या लोकांना मी अज्ञ म्हणणार नाही. अज्ञ माणसाला निदान जिज्ञासेची शक्यता असते. ते तृप्त होते.

ज्या रविवारी तुला उत्तर सापडले, त्या दिवशी तू चपला काढायच्या आधीच दारातून बोलू लागलास.

"गुरुजी, स्वाहा आधीच म्हणून टाकतंय! आहुती अजून पळीतच हाय!"

मी तुला बसवले, पाणी दिले आणि क्रमाने सांगायला लावले. तुमच्या पाच ओळींत साहेबांनी दोन वर्षांपूर्वी एक शब्द घातला होता. प्रयोगशाळेच्या यंत्राला ताटकळावे लागू नये, म्हणून त्या शब्दाने एका मंडपाचे दोन मंडप केले आणि दोहोंच्या मध्ये एक ओटा बांधला. पहिल्या मंडपातले ऋत्विज निरोप घेतात, ओट्यावर ठेवतात, आणि त्यांच्या दृष्टीने कर्म संपते. त्याच क्षणी पोच जाते आणि हिरवी खूण उमटते. दुसऱ्या मंडपातले ऋत्विज सवडीने ओट्यावरून उचलून वॉर्डात पोचवतात. दोन्ही मंडपांत आपापला ब्रह्मा दक्ष बसलेला आहे. ओट्यावर कोणीही बसलेला नाही. आणि हा ओटा दगडाचा नाही. तो संगणकाच्या चालू स्मृतीत आहे. संगणक बंद पडला की ओटा वरच्या वस्तूंसह नाहीसा होतो.

त्या दुपारी वॉर्डाकडची बाजू मंद झाली होती, म्हणून ओट्यावर निरोप साचले. तुझ्या साहेबांनी ठरवले की सगळे बंद करून पुन्हा सुरू करावे. तुझा सांगाडा बंद होतानाही सभ्य आहे. बंद कर म्हटले तर ओट्यावरचे उरकेपर्यंत काही वेळ थांबतो. साहेबांना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी त्याला मध्येच ठार केले. आणि तुमची ती प्रसिद्ध नोंद? ती दुसऱ्या मंडपात, अगदी शेवटी लिहिली जात होती. जे ओट्यावर मेले त्यांची नोंद होणे शक्यच नव्हते.

"अन् गुरुजी, फ्रेमवर्कवाल्यांनी हे लपवलेलं नाय," तू म्हणालास. "त्यांच्या पुस्तिकेत सरळ लिहिलंय, हे निरोप फक्त स्मृतीत राहत्यात, बंद पडलं तर जातील. आमच्यात वाचलं कुणी?"

तो दिवस तुझा होता. तुझे डोळे लाल झाले होते आणि तू आठवीतल्यासारखा दिसत होतास. मी तेव्हाच उठून तुला जवळ घ्यायला हवे होते. त्याऐवजी तू जे विचारलेस त्याचे मी उत्तर दिले, आणि त्या उत्तरासाठी मी स्वतःला क्षमा केलेली नाही.

तू विचारलेस, "रुग्णालयाला थेट लिहू का?"

मी म्हणालो, "ज्याचे अन्न खातो त्याला ओलांडून जाऊ नये. आधी साहेबांना सांग."

"सांगितलं. ते म्हणले, आता पत्र गेलंय, कशाला उकरतो."

"पुन्हा सांग."

"तीनदा सांगितलं, गुरुजी."

"मग चौथ्यांदा सांग. धीर धर. सत्याला घाई नसते."

काय थाटाचे वाक्य! सत्याला घाई नसते. वंदनाताईला घाई होती. तिची चौकशी पुढच्या महिन्यावर आली होती, मुलगी बारावीला होती, आणि आळीतल्या बायका तिला विचारत होत्या की तुझ्यामुळे माणूस मरता मरता वाचला म्हणे. मला हे तू सांगितले होतेस. तरी मी माझ्या झोपाळ्यावर बसून धीराचे गुणगान केले, कारण धीर धरण्यासाठी मला काहीही किंमत द्यावी लागत नव्हती. आयुष्यभर मी संयमाला सद्गुण म्हणून पूजले. त्यातला केवढा भाग निव्वळ भित्रेपणा होता याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

पुढच्या रविवारी आपण पुन्हा भांडलो. तू चौथ्यांदा सांगून आला होतास आणि साहेबांनी तुला सर्वांसमोर "संशोधक" म्हणून हिणवले होते. मी सेवकधर्मावर बोलू लागलो. तू मध्येच उठलास. "तुमचं ऐकतो गुरुजी, पण पटलं नाय," असे म्हणून मला नमस्कार केलास आणि गेलास. त्या दिवशीचा पाठ झाला नाही. मंगळवारी तू गेलास. कसा गेलास ते इथे लिहिणार नाही. ते डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि त्यातून काहीही कळत नाही.

तेराव्यानंतर वंदनाताई माझ्या दारात आली. सोबत तुझी सुरेखा होती. तिच्या हातात तुझी जाड वही होती.

"वहिनी म्हणल्या, ह्यातलं फक्त गुरुजींना कळतं," वंदनाताई म्हणाली. "शुक्रवारी चौकशी हाय. माझ्या बाजूनं एक माणूस आणायची परवानगी हाय. दिगंबरदादा येणार होते. नोकरी गेली तरी येतो म्हणले होते."

हे मला ठाऊक नव्हते. माझे ऐकतो म्हणालास आणि तरी हिला शब्द देऊन ठेवलास! दिगंबरा, माझी आज्ञा मोडणारा तुझ्याइतका योग्य शिष्य मला लाभला, याबद्दल मी देवाचे आभार त्या क्षणी मानले. तुझे मानायचे राहून गेले होते.

"बाई, मला संगणक सुरूही करता येत नाही," मी म्हणालो.

"सुरू करायला लई जण हायेत, गुरुजी," ती म्हणाली. "सांगायला कुणी नाय."

चार दिवस मी वही वाचली. ज्या शब्दांवर मी रविवारी मान डोलावली होती त्यांतले निम्मे मला समजलेलेच नव्हते, हे वाचताना कळले. तू मात्र प्रत्येक पायरी अशी लिहिली होतीस की म्हाताऱ्यालाही चुकता येऊ नये.

शुक्रवारी मी धोतर-उपरणे घालून रुग्णालयात गेलो. मेजाच्या पलीकडे रुग्णालयाच्या प्रशासक डॉक्टर बाई होत्या, बाजूला तुझे साहेब, आणि संगणक चालवायला आणलेली आयेशा. साहेबांनी मला पाहून विचारले, "महाराज, पूजा आहे का काही?" स्वतःच हसले. डॉक्टर बाई हसल्या नाहीत.

मी यज्ञाचे एक अक्षर बोललो नाही. त्या सभेची तेवढी पात्रता नव्हती. मी डॉक्टर बाईंना विचारले, "आपल्या कार्यालयात खिडकीवर अर्ज दिला की आवक शिक्का मारून मिळतो. त्या शिक्क्याचा अर्थ, आपण अर्ज वाचला, असा होतो का?"

"नाही. खिडकीवर आला, एवढाच."

"आणि खिडकीवरचा गठ्ठा आत यायच्या आधीच जळाला तर?"

"तर माझ्याकडे नोंद नसणार," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच साहेबांकडे वळल्या. "तुमची हिरवी खूण कुठली आहे? खिडकीवरची की माझ्या टेबलावरची?"

साहेब बोलू लागले आणि बराच वेळ बोलले. त्यात फ्रेमवर्क हा शब्द इतक्या वेळा आला की तो त्यांना तारक मंत्र वाटत असावा. "मॅडम, फ्रेमवर्क जगभर वापरतात. फ्रेमवर्क मेसेज हरवूच देत नाही." मी त्यांना विचारले की खूण कोणत्या क्षणी जाते. ते म्हणाले, "ते आत होतं, ते आपण बघायची गरज नसते." चौदा वर्षे ज्याने तुला तू फार खोलात जातोस म्हणून हिणवले, तो माणूस त्याच वस्तूच्या उंबऱ्यावर उभा होता आणि आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, हे अभिमानाने सांगत होता.

मी वही उघडून आयेशाच्या पुढे ठेवली. तुमच्या चाचणीच्या वेगळ्या संगणकावर तू लिहिलेला प्रयोग करून पाहावा, एवढीच विनंती केली. साहेब म्हणाले, हे आत्ता कशाला. आयेशाने वर पाहिलेही नाही.

"सर, पंडितजी ने जैसा लिखा, वैसाच करती मैं," ती म्हणाली.

तिने वॉर्डाकडची बाजू मुद्दाम मंद केली. एक खोटा अहवाल पाठवला. हिरवी खूण आली. वंदनाताईने नकळत खुर्चीचा हात धरला. आयेशाने संगणकाची वायर काढली, पुन्हा लावली, सगळे सुरू केले आणि वॉर्डाचा पडदा उघडला. अहवाल नव्हता. नोंदही नव्हती. डॉक्टर बाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने वायर ओढली.

मग तुझे साहेब म्हणाले, "म्हणजे मॅडम, हा फ्रेमवर्कचा इश्यू आहे. आमचा नाही."

मी पुष्कळ मूर्ख पाहिले आहेत, काहींना तर पदव्याही मिळवून दिल्या आहेत. पण आपल्या हाताने बांधलेल्या ओट्याचा दोष गवंड्याच्या थापीला देणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला. तुझ्या वहीतले ते पान मी वाचून दाखवले, ज्यात सांगाड्याच्या कर्त्यांनी स्वतः दिलेला इशारा तू उतरवून घेतला होतास. वाचताना माझा स्वर चढला. सत्त्याहत्तर वर्षांत सभेत मी प्रथमच आवाज चढवला, आणि मला त्याचा खेद नाही.

वंदनाताई पुन्हा कामावर रुजू झाली. तिला जे पत्र मिळाले त्यात "तांत्रिक कारणास्तव" असे दोन शब्द आहेत. क्षमा हा शब्द नाही. तुझे नाव नाही. ती ते पत्र मला दाखवायला घेऊन आली, तेव्हा म्हणाली, "दादांचं नाव टाका म्हणून मी दोनदा सांगितलं. ते म्हणले, बाई, मिळालं ना तुमचं, मग घ्या." तुझ्या साहेबांनी मला फोन करून वही मागितली. ती म्हणे कंपनीची मालमत्ता आहे. मी त्यांना कळवले की वहीचा कागद सुरेखाचा आहे आणि आतले ज्ञान सांगाड्याच्या उघड्या पोटात जगभर पडलेले आहे. त्यांनी वाकून घ्यावे. वहीची प्रत आयेशाला मात्र मी स्वतः नेऊन दिली. तिने मागितली नव्हती. घेताना ती म्हणाली, "गुरुजी, मैं बहुत हँसती थी उन पे." मी म्हणालो, "पोरी, मीही." आता ओटा दगडाचा करण्याचे काम तिच्याकडे आहे. केव्हा होईल ते ती सांगू शकत नाही. साहेबांच्या मंजुरीवर ते अडले आहे.

बापूंना मी करमाडला जाऊन सर्व सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "म्हंजी त्यानं त्या बाईची अब्रू वाचवली." मी म्हणालो, होय. "मंग असं सांगा ना सरळ," ते म्हणाले, आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. मी त्यांच्यामागे गेलो नाही.

काल मी माझे रक्त तपासायला त्या रुग्णालयात गेलो होतो. म्हातारपणी एक निमित्त पुरते. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसलो असताना वंदनाताई आत काचेपलीकडे दिसत होती. कोणाचा तरी आकडा वाईट आला असावा. तिने अहवाल पाठवला, पडद्यावर हिरवी खूण आली, आणि तिने त्या खुणेकडे जणू कोणी परका दारात उभा आहे अशा नजरेने पाहून फोन उचलला.

"सिस्टर, इकडं हिरवं झालंय. तिकडं दिसतंय का?"

पलीकडून कोणीतरी वैतागून बोलले. ते मला ऐकू आले नाही, पण तिचे उत्तर आले. "माहिती हाय सिस्टर, रोज करते मी फोन. रोज करणार. तुम्ही पडदा उघडा, मी थांबते."

तिच्यापाशी नळ्यांची रांग लागली होती. दारातून कोणीतरी तिला हाक मारली. तिने हात वर करून त्यांना गप्प केले. दिगंबरा, मी तुला थांब म्हणालो होतो ते थांबणे आणि हे थांबणे यांतला भेद मला त्या बाकावर बसून पाहता आला. मिनिटभराने पलीकडून उत्तर आले असावे. तिने आकडा मोठ्याने म्हणवून घेतला, स्वतःच्या कागदाशी ताडून पाहिला, आणि मगच फोन खाली ठेवला.